टँपातले चार दिवस: डब्ल्यूबीसीएच्या अधिवेशनाला जावं का?

गेल्या दोन महिन्यांत मला दोघींचे फोन आले. एक नाशिकची, एक माझ्याच नागपूरची. दोघी अमेरिकेत स्पोर्ट मॅनेजमेंट शिकतायत, दोघींना कॉलेज बास्केटबॉलमध्ये कोच व्हायचंय आणि दोघींनी आडून आडून एकच विचारलं, "ताई, त्या अधिवेशनाला एवढे पैसे घालून जावं का? की नुसती जत्रा आहे?" दोघींशी तासतासभर बोलले. तेच आता नीट लिहून काढते, म्हणजे तिसरीला उपयोगी पडेल.

अधिवेशन म्हणजे डब्ल्यूबीसीएचं, विमेन्स बास्केटबॉल कोचेस असोसिएशनचं. ही संघटना १९८१ ची. तिच्या पहिल्या कार्यकारी संचालक बेटी जेन्स या स्वतः कॉलेजच्या कोच होत्या. पुढच्याच वर्षी, १९८२ ला, एनसीएएने, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेने, मुलींची पहिली राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा घेतली. आता महिलांची फायनल फोर, म्हणजे त्या स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांचे सामने, ज्या शहरात असते, त्याच शहरात आणि त्याच दिवसांत हे अधिवेशन भरतं. यामागे एक साधं कारण आहे. फायनल फोरच्या दिवसांत डिव्हिजन वनच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या, कोचना खेळाडूंना प्रत्यक्ष भेटून रिक्रूटिंग करायला, म्हणजे संघासाठी नव्या मुली मिळवायला, बंदी असते, त्याला 'डेड पीरियड' म्हणतात. एरवी ज्या बायका वर्षभर विमानात आणि शाळांच्या जिममध्ये असतात, त्या सगळ्या या चार-पाच दिवसांत एका गावात सापडतात. असं दुसऱ्या कुठल्याच आठवड्यात होत नाही.

मी गेले ते २०२५ ला फ्लोरिडातल्या टँपाला, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा मी ओहायोतल्या एका डिव्हिजन थ्री कॉलेजात जीए, म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंट होते. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही आणि स्टाफही बेताचाच. आमच्याकडे हेड कोच पूर्णवेळ, एक असिस्टंट अर्धवेळ, आणि मी. फिल्म कापायची, पुढच्या प्रतिस्पर्धी संघाचा स्काउट, म्हणजे त्यांच्या खेळाचा अहवाल, लिहायचा, प्रॅक्टिसला रिबाउंड द्यायचे, बसमध्ये कोण चढलं नाही ते मोजायचं. मे महिन्यात पदवी मिळणार होती आणि त्यानंतर ओपीटीचं घड्याळ सुरू होणार होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: एफ-वन व्हिसावर शिकणाऱ्याला पदवीनंतर ओपीटीवर बारा महिने काम करता येतं, पण त्यात नव्वद दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. माझी पदवी स्टेममधली, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानातली, नव्हती, त्यामुळे मुदतवाढही नव्हती. म्हणजे टँपा माझ्यासाठी सहल नव्हती.

सगळं धरून माझे नऊशे चाळीस डॉलर गेले. सदस्यत्व, नोंदणी, विमान, राहणं, खाणं आणि अंतिम सामन्याचं सगळ्यात वरच्या रांगेतलं तिकीट. जीएच्या मानधनातून एवढे बाजूला टाकायला सप्टेंबर ते मार्च लागले.

पण त्याआधी चुकीच्या जागी घातलेल्या पैशांबद्दल सांगते, कारण या दोघीही तेच करायच्या बेतात होत्या. जानेवारीत मी एका ऑनलाइन सेवेला एकशे ऐंशी डॉलर भरले. तुमचा रेझ्युमे देशभरातल्या शेकडो हेड कोचना आम्ही पाठवतो, असं त्यांचं म्हणणं. नाव घेत नाही, अशा सेवा बऱ्याच आहेत. तीनशेच्या वर पत्रं गेली, उत्तरं चार आली आणि चारही "धन्यवाद, सध्या जागा नाही" अशी. त्याचं मला फार वाईट वाटलं नसतं. पण टँपात पहिल्याच दुपारी मी एका हेड कोचसमोर जाऊन हात पुढे केला, नाव सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, "तुझं पत्र आलं होतं मला." त्यांनी फोन काढून दाखवलं. पत्रात त्यांच्या कॉलेजच्या जागी त्यांच्याच लीगमधल्या दुसऱ्या कॉलेजचं नाव होतं. ज्या संघाविरुद्ध त्या बाई वर्षातून दोनदा जीव तोडून खेळतात, त्याच संघात काम करायची माझी फार इच्छा आहे, असं खाली माझ्या सहीनिशी लिहिलेलं. त्या चांगल्या होत्या, रागावल्या नाहीत. पण मला तिथे उभं राहवेना. अशी अजून किती पत्रं माझ्या नावाने फिरतायत, हेच रात्रभर डोक्यात होतं. पोरींनो, आपल्या नावाचं पत्र आपणच लिहावं. दहाच लिहा, पण स्वतः लिहा.

आता दुसरी बाजू. निघायच्या आठवडाभर आधी आमच्या हेड कोचने मला बोलावलं, शेजारी बसवलं आणि माझ्यासमोर तीन जणींना ईमेल लिहिले. प्रत्येक ईमेल तीन ओळींचा. माझ्या हाताखालची मुलगी टँपाला येतेय, स्काउट चांगला लिहिते, दहा मिनिटं दे. तिघींपैकी दोघी भेटल्या. तीनशे पत्रांनी जे झालं नाही ते नऊ ओळींनी झालं.

हे मी घरी फोनवर सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे तिकडेही वशिलाच लागतो." मी तेव्हा गडबडीत होते, उत्तर दिलं नाही. नंतर खूप विचार केला. वशिल्यात माणसाचं काम कोणी बघत नाही, कोणाचा कोण एवढंच बघतात. इथे ओळख दारापर्यंत नेते, पुढच्या दहा मिनिटांत समोरची बाई तुम्हाला अक्षरशः सोलून काढते. झोन बचाव कसा फोडशील, खेळाडू रडत ऑफिसमध्ये आली तर काय करशील, शेवटच्या चाळीस सेकंदांत दोन गुणांनी मागे असताना टाइमआउट घेशील का. शिफारस करणाऱ्या कोचचंही नाव पणाला लागलेलं असतं. उद्या मी कामचुकार निघाले, तर पुढच्या वर्षी तिच्या तीन ओळी कोणी वाचणार नाही.

आपल्याकडे रेल्वेत दोन मराठी माणसं भेटली की ओळख काढतात ना, कुठले तुम्ही, मग अमक्यांचे कोण, तसंच तिथे चालतं. फक्त गावाऐवजी कोच विचारतात. कोणाकडे खेळलीस, कोणाच्या हाताखाली होतीस. जीनो ऑरिएमा १९८५ ला कनेटिकट विद्यापीठात मुलींचे कोच म्हणून आले त्याआधी व्हर्जिनियात डेबी रायनचे असिस्टंट होते, हे तिथे कोणीही चहा पिता पिता सांगतं. गाण्यातल्या घराण्यासारखंच आहे ते. माझी अडचण अशी की मी त्यांच्या कुठल्याच घराण्यातली नव्हते. नागपूरच्या सिमेंटच्या कोर्टवर, उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला, दोन मजबूत रिंग आणि एका शिट्टीवर आमच्या सरांनी आम्हाला शिकवलं. तिथे कोणाला सांगणार सरांचं नाव? पहिल्या दिवशी मी तो भाग गाळूनच बोलत होते. दुसऱ्या दिवशी एका वयस्कर बाईंनी मुद्दाम विचारलं आणि मी सगळं सांगितलं. चेंडू गरम होतो म्हणून आम्ही तो ओल्या पोत्यात ठेवायचो, हेसुद्धा. त्या दहा मिनिटं ऐकत राहिल्या. पुढच्या दिवशी त्यांनीच मला दोघींशी ओळख करून देताना "ही भारतातल्या बाहेरच्या कोर्टवर शिकलेली" असं सांगितलं. तर हे लपवू नका. तुमचे सर म्हणजे तुमचं घराणंच आहे.

राहण्याबद्दल. इथे माझी मोठी चूक झाली. आईच्या मैत्रिणीच्या जाऊबाई, अमरावतीच्या काकू, वेस्ली चॅपलला राहतात, टँपाच्या उत्तरेला. "हॉटेलात कशाला पैसे घालतेस, ये की घरी," असं त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की मी हो म्हटलं. काका सकाळी साडेसातला सोडायचे, रात्री नऊला न्यायला यायचे. गुरुवारी रात्री नऊला मी गाडीत बसत होते आणि हॉटेलच्या दारातून तेव्हा कुठे माणसं आत यायला लागली होती. सत्रं दिवसा होतात, पण अधिवेशन रात्री साडेनऊनंतर लॉबीत सुरू होतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी सांगतेय: अधिवेशनाच्या हॉटेलात किंवा चालत जाता येईल अशाच ठिकाणी राहा. चौघींत एक खोली घ्या, जमिनीवर झोपा, पण तिथेच राहा. शुक्रवारी सकाळी मी काकूंना घाबरत घाबरत सांगितलं. त्या म्हणाल्या, "जा गं, काम आहे ते कर. मी काय रुसतेय का?" आणि दशम्या, शेंगदाण्याची चटणी, वर एक लिंबाचं लोणचं असा डबा बांधून दिला. जॉर्जियाहून आलेल्या एका मुलीने मला तिच्या खोलीत जागा दिली. पुढचे दोन दिवस आम्ही दोघींनी तो डबा पुरवून पुरवून खाल्ला.

दिवसाच्या सत्रांबद्दल थोडक्यात. कोर्टवरची प्रात्यक्षिकं उत्तम. नामांकित कोच प्रत्यक्ष मुली घेऊन ड्रिल करून दाखवतात, आणि फिल्ममध्ये कधी ऐकू येत नाही ते इथे ऐकू येतं: कोच कुठल्या क्षणी आवाज चढवते, कुठे गप्प बसते. मी वही भरली. पुढे बसा आणि प्रात्यक्षिकाला मुली कमी पडल्या तर हात वर करा. मी केला, आणि वीस मिनिटं क्लोजआउट, म्हणजे चेंडू मिळालेल्या खेळाडूकडे धावत जाऊन तिला अडवणं, करून घामाघूम झाले. त्यानंतर दोन दिवस लोक मला "क्लोजआउटवाली" म्हणून ओळखत होते. चर्चासत्रं मिळतीजुळती, एक-दोन निवडा. प्रदर्शनाच्या दालनात शूटिंग मशीनवाले, फिल्म सॉफ्टवेअरवाले, बूटवाले. अर्धा तास पुरे.

आता मुख्य गोष्ट. हेड कोचच्या मागे धावू नका. त्या आठवड्यात त्यांचं चित्त थाऱ्यावर नसतं आणि त्यात त्यांचा दोष नाही. कॉलेज बदलायची नोंद खेळाडू जिथे करतात ते ट्रान्स्फर पोर्टल मार्चअखेरीस उघडलं होतं, त्यांच्या निम्म्या खेळाडू जाऊ की राहू करत होत्या. भरीस भर म्हणजे अंतिम सामना रविवारी ६ एप्रिलला होता आणि सोमवारी ७ तारखेला कॅलिफोर्नियात हाउस खटल्याच्या तडजोडीची सुनावणी होती. कॉलेजांनी खेळाडूंना थेट पैसे द्यायचे की नाही, याचा तो खटला. जिथे बघावं तिथे तीच चर्चा: मुलींच्या वाट्याला काय येणार, असिस्टंटच्या जागा राहणार का. बोलता बोलता फोन वाजायचा आणि बाई "एक मिनिट" म्हणून जायच्या त्या परत यायच्याच नाहीत.

ज्यांना भेटायचं त्या म्हणजे डोबो. डिरेक्टर ऑफ बास्केटबॉल ऑपरेशन्स या पदाला सगळे तोंडी डोबो म्हणतात. बस, हॉटेल, जेवण, हिशेब, वेळापत्रक सगळं त्यांच्याकडे. कोण कुठून निघणार, कोणाचा करार संपतोय, कोणाला मातृत्वाची रजा हवीय, हे त्यांना सगळ्यांत आधी कळतं. आणि त्यांच्याशी बोलायला गर्दी नसते. शुक्रवारी सकाळी कॉफीच्या रांगेत माझ्यापुढे एक डोबो उभी होती. मी तिला जागा आहे का असं विचारलं नाही. मी विचारलं, परगावच्या सामन्याला शाकाहारी मुलींच्या जेवणाचं तुम्ही काय करता? आमच्या संघात दोघी शाकाहारी होत्या आणि प्रत्येक प्रवासात मला तो प्रश्न पडायचा. तिने फोन काढून तिची यादी दाखवली, मी माझी दाखवली. रांग संपेपर्यंत आम्ही तेच बोललो.

त्याच रात्री दुसरा उपांत्य सामना संपल्यावर, कनेटिकटने यूसीएलएला ८५-५१ असं हरवल्यावर, लॉबीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्या डोबोने मला लांबून हात केला. तिच्या टेबलावर तिघी बसल्या होत्या, त्यात एक चाळीसएक वर्षं कोचिंग केलेल्या बाई. वाद चालला होता रिंगमागच्या बेसलाइनवरून चेंडू आत टाकतानाच्या बॉक्स सेटवर, म्हणजे चौघी चौकोनात उभ्या राहतात त्या डावावर. टेबलावर साखरेच्या पुड्या मांडल्या होत्या: पांढऱ्या पुड्या आक्रमणाच्या, गुलाबी बचावाच्या, आणि चेंडू म्हणजे क्रीमची छोटी डबी. गुलाबी पुडी रिंगखाली ठेवायची की पुढे, यावर दोघींचं एकमत होत नव्हतं. मी उभी राहून पाचेक मिनिटं बघत होते. मग राहवलं नाही. "मी सांगू?" म्हटलं आणि एक गुलाबी पुडी दोन बोटं कोपऱ्याकडे सरकवली.

त्या हिवाळ्यात मी आमच्या लीगमधल्या सगळ्या संघांचे बेसलाइनचे डाव हाताने मोजले होते. कोणी सांगितलं नव्हतं, पण आम्ही त्याच डावांवर तीन सामने गमावले होते आणि ते मला खात होतं. पंचवीस सामने, दोनशे बारा डाव, त्यातले बॉक्स नव्वद. नव्वदपैकी एकसष्ट वेळा पहिला पास कोपऱ्यात गेला होता. तेवढंच मी सांगितलं. त्या चाळीस वर्षं कोचिंग केलेल्या बाईंनी चष्मा वर केला. "कोणी मोजलं?" मी म्हटलं, मी. "फाइल आहे?" आहे. "आज रात्री पाठव." मग त्या पुन्हा पुड्यांकडे वळल्या आणि मला खुर्ची ओढून घ्यायला सांगितली. रात्री दीड वाजता बाथरूमच्या फरशीवर बसून, खोलीतल्या मुली झोपल्या होत्या म्हणून, मी ती फाइल साफसूफ करून दोघींना पाठवली. बाईंना आणि डोबोला.

अधिवेशनाला जाताना काय न्यावं, असं मला विचारतात. कार्ड छापा, चांगले बूट घाला, ते ठीकच आहे. पण सगळ्यात आधी आपण स्वतः केलेलं एक काम न्या, जे दुसऱ्या कोचला सोमवारी सकाळी वापरता येईल. एक पान असलं तरी चालेल. "मला शिकायचंय" असं म्हणणाऱ्या तिथे शेकड्याने असतात.

पगाराचंही दोघींनी विचारलं, म्हणून सांगते. सुरुवातीला फार हातात पडत नाही, आणि हे आजचं नाही. पॅट समिट १९७४ ला टेनेसीच्या हेड कोच झाल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या, महिना अडीचशे डॉलर, संघाची गाडी त्याच चालवायच्या आणि कपडेही त्याच धुवायच्या. तारा व्हॅनडर्व्हीर विद्यार्थिनी असताना इंडियानात मुलांच्या संघाचे कोच बॉबी नाइट यांच्या प्रॅक्टिसला बसून टिपणं काढायच्या, पुढे ओहायो स्टेटला बिनपगारी असिस्टंट झाल्या. २०२४ ला स्टॅनफर्डच्या कोच म्हणून निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या खात्यावर १,२१६ विजय होते. १९९२ ला तर एनसीएएने डिव्हिजन वनच्या सगळ्यात खालच्या बास्केटबॉल असिस्टंटची वर्षाची कमाई सोळा हजार डॉलरवर बांधून टाकली होती. कोच कोर्टात गेले, जिंकले, आणि १९९९ ला ५ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली. २०२३ ला डिव्हिजन वनच्या बास्केटबॉल संघांना दोन जास्तीचे कोच ठेवायची मुभा मिळाली. तेव्हाच्या नियमाने त्यांना बाहेर जाऊन रिक्रूटिंग करता येत नव्हतं, पण खेळाडूंना शिकवता येत होतं. आपल्यासारख्या नवख्यांना शिरायची ही फट आहे, ती लक्षात ठेवा.

एक गोष्ट मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हती आणि ती कळल्यावर हे अधिवेशन मला वेगळंच दिसायला लागलं. १९७२ ला शिक्षणात मुलींशी भेदभाव करायला बंदी घालणारा टायटल नाइन कायदा आला त्याआधी अमेरिकेत कॉलेजच्या मुलींच्या दहातल्या नऊ संघांना बाईच कोच असे. कायद्याने मुलींच्या खेळात पैसा आला, पगार आले, आणि पुरुषांनी अर्ज करायला सुरुवात केली. सगळे खेळ धरले तर आता निम्म्याहून कमी संघांना बाई कोच आहे. नोकरी देणारे ॲथलेटिक डिरेक्टर बहुतेक पुरुष, त्यांच्या फोनमधली नावं पुरुषांची. त्यामुळे शेकडो बायका एका छताखाली रात्री दोनपर्यंत बसून एकमेकींची नावं लिहून घेतात, तेव्हा तो वेळ वाया जात नसतो. ज्या चाळीस वर्षांपासून इथे येतायत त्यांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच त्या खुर्ची ओढून घ्यायला सांगतात.

रविवारी अंतिम सामना. कनेटिकटने साउथ कॅरोलायनाला ८२-५९ असं हरवलं, त्यांचं बारावं विजेतेपद. सेरा स्ट्राँग पहिल्या वर्षाची मुलगी, २४ गुण आणि १५ रिबाउंड. पण माझं लक्ष राहून राहून त्यांच्या बाकाकडे जात होतं. ऑरिएमांच्या शेजारी क्रिस डेली, १९८५ पासून त्याच बाकावर. चाळीस हंगाम. वरच्या रांगेतून माणसं अंगठ्याएवढी दिसत होती, तरी त्यांचं एकमेकांकडे न बघता बोलणं कळत होतं.

सोमवारी विमानतळावर बसून मी सतरा जणींना लिहिलं. प्रत्येकीला वेगळं, जे बोलणं झालं त्यातलं एक वाक्य धरून. नऊ जणींनी उत्तर दिलं. मेमध्ये पदवी मिळाली, २ जूनला ओपीटी सुरू झालं. जूनमध्ये काहीच नाही. मी दर पंधरा दिवसांनी काहीतरी पाठवत होते, जागा मागत नव्हते. कधी एखादी क्लिप, कधी एखादा आकडा. जुलैची वीस तारीख आली, नव्वदपैकी अठ्ठेचाळीस दिवस गेले होते, आणि त्या डोबोचा फोन आला. पेनसिल्व्हेनियातल्या एका डिव्हिजन थ्री कॉलेजातली असिस्टंट अचानक दुसरीकडे गेली होती. तिथली हेड कोच म्हणजे या डोबोची जुनी सहखेळाडू. "तुझी साखरेच्या पुड्यांची फाइल मी तिला पाठवलीय," ती म्हणाली, "आजच फोन कर." मी केला. कॉलेजच्या संकेतस्थळावर जाहिरात त्यानंतर तीन दिवसांनी लागली. मुलाखतीला कॉलेजात बोलावलं, प्रॅक्टिस घ्यायला लावली, डीनशी बोलायला लावलं. ११ ऑगस्टला मी रुजू झाले. पूर्णवेळ असिस्टंट, आणि डिव्हिजन थ्रीच्या रीतीप्रमाणे बाकी खेळांच्या घरच्या सामन्यांची व्यवस्थाही माझ्याकडे.

व्हिसाचं एवढंच सांगते की विद्यापीठं आणि कॉलेजं एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक कोट्याबाहेर आहेत, म्हणजे तिथे लॉटरी नाही. पण जागा पगारी हवी आणि तुमच्या पदवीशी तिचा मेळ हवा. बोलणी चालू असतानाच हा विषय काढा, शेवटी नको. मी मुलाखतीत पहिल्याच दिवशी काढला आणि तोपर्यंत त्यांनी कोणा परदेशी कोचला घेतलं नव्हतं तरी त्यांनी चौकशी केली.

सगळ्यांचं असं होत नाही. मला खोलीत घेणारी जॉर्जियाची मुलगी स्वतः डिव्हिजन वनमध्ये खेळलेली, माझ्यापेक्षा दुप्पट लोकांना भेटली, बोलायला माझ्याहून तयार. तिला अजून कॉलेजात जागा मिळालेली नाही. ती सध्या एका हायस्कूलच्या संघाला शिकवते आणि दर रविवारी आम्ही फिल्म बघत फोनवर बोलतो. तिचा संघ यंदा चांगला खेळतोय. तिच्या नावाने मी माझ्या हेड कोचला तीन ओळी लिहून ठेवल्यात.

२०२६ चं अधिवेशन फिनिक्सला आहे, फायनल फोर तिथेच. आम्ही दोघींनी हॉटेलपासून पाच मिनिटांवर चौघींची खोली घेतलीय. तिसरी नाशिकची येतेय, तिने तिच्या लीगच्या फ्री थ्रोनंतरच्या पहिल्या डावाची मोजणी सुरू केलीय. चौथीची जागा अजून रिकामी आहे. नागपूरच्या मुलीने कळवते म्हटलंय, पण कोणाचं आधी ठरलं तर मला लिहा. दशम्या मी आणीन.